शिंप्याच्या घरचा जॅक

माझ्या शुद्धलेखनाला हसू नका. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, हे मला कोणी शिकवलं नाही. मी भट्टीतून साच्यात गेलो आणि साच्यातून दुकानात; मध्ये शाळा लागलीच नाही. माझ्या पोटावर एक कागद चिकटवलेला होता, त्यावरची दोन वाक्यं एवढंच माझं वाचन. तेव्हा शब्द साधे असले, कुठे चुकलं, तर सांभाळून घ्या.

मी जॅक बोलतोय. गाडीचं चाक बदलताना गाडीखाली लावतात, तो. दिसायला बुटक्या बाटलीसारखा. पोटात तेल, तेलावर एक जाड दांडा. बाजूची कांडी वरखाली केली की तेल दांड्याला ढकलतं आणि दांडा गाडीला. लोकांना वाटतं, एवढी गाडी उचलतो म्हणजे काय धीट गडी असेल! काय सांगू, मी जन्मापासून भित्रा आहे. ओझ्याला मी भीत नाही, ओझं तर माझं काम. ओझ्याखाली माणूस सरकतो, तेव्हा मात्र मी घाबरतो.

त्याला कारण आहे. माझ्या दांड्याभोवती एक रबरी कडं आहे. दाबलेलं तेल निसटू नये म्हणून ते असतं. कारखान्यात ते कडं बसवणारी बाई शेजारणीला आपल्या सासूची नक्कल करून दाखवत होती. दोघी खदखदून हसल्या आणि त्या हसण्यात कडं किंचित चिमटलं. नखाच्या कडेएवढी चीर गेली. कोणाला दिसली नाही. मला मात्र ती तेव्हापासून टोचते आहे, दातात अडकलेल्या कणासारखी.

मग तपासणी झाली. माझ्यावर वजन ठेवलं. मी खाली बसत होतो, पण इतका हळू, की सावली सरकताना दिसत नाही तसा. तपासणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, "ठीक आहे" म्हणाला आणि शिक्का मारला. मला ओरडायचं होतं, की अहो, ठीक नाही! पण जॅकला तोंड कुठे असतं? मग पोटावर तो कागद चिकटवला: "फक्त उचलण्यासाठी. उचललेल्या वजनाखाली जाऊ नये." तो कागद वाचून मला जरा धीर आला. म्हटलं, चला, मला बोलता येत नाही तर निदान हा बोलेल.

दुकानात मला खालच्या फळीवर जागा मिळाली. शेजारी लोखंडी स्टँडची जोडी होती. तीन पायांचे, काळे, ठोकळ्यासारखे. गाडी जॅकने उचलायची, मग तिच्याखाली हे लावायचे आणि जॅक सैल सोडायचा. मग सगळा भार यांच्यावर. यांच्या पोटात तेल नाही, रबर नाही, निसटण्यासारखं काहीच नाही. एकदा उभे राहिले की उभे. मी रोज त्यांच्याकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, मला कोणी नेलंच तर या दोघांच्या सोबत न्यावं.

एक दिवस शिंपी आणि त्याचा मुलगा आले.

शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. गळ्यात टेप तशीच लटकत होती, दुकानातून उठून आला होता. मुलगा पंचविशीच्या आतला, उंच, खांदे पडलेले. शाळा लवकर सोडून बापाच्या हाताखाली बसलेला. काजं करायचा, इस्त्री करायचा आणि गणवेशांचे गठ्ठे गिऱ्हाइकांना पोहोचवायचा. फार बोलायचा नाही, म्हणून बाप त्याला 'बटण' म्हणायचा. "तोंडाला जन्मतःच बटण लावून आलाय," असं कोणालाही सांगायचा. गठ्ठे पोहोचवायला त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली होती आणि गॅरेजवाल्यावर मास्तरांचा राग होता. मागच्या वेळी त्याने तेलकट हाताने नव्या सीट कव्हरवर पंजा उमटवला होता. कव्हर मास्तरांनी स्वतः शिवलेलं.

"आता आपली गाडी आपणच बघायची," मास्तर दुकानदाराला म्हणाले. "तेल बदलणं, फिल्टर, चाक. त्याला अशी काय विद्या लागते? यंत्र ते यंत्र. मी तीस वर्षं शिलाई मशीन उघडतोय. घरी ठेवायला चांगली हत्यारं दाखवा."

दुकानदाराने आधी विचारलं, "मास्तर, गाडी कुठली? काय काय करणार घरी?" ऐकून घेतलं आणि काउंटरवर एकेक वस्तू मांडायला लागला. दोन्ही तोंडांच्या पान्यांचा एक संच. नटावर टोपीसारखे बसणारे गोटी पाने आणि त्यांचा दांडा. दोन स्क्रूड्रायव्हर, एक चपटा, एक फुलीचा. पक्कड. चाकाचा पाना. टायरची हवा मोजायचं मीटर. तेल काढायला पसरट ट्रे. हातमोजे. मग खाली वाकला आणि मला उचलून वर ठेवलं. माझ्या शेजारी स्टँडची जोडी ठेवली.

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सुटलो.

पण मास्तरांची नजर वरच्या फळीवर गेली होती. तिथे एक मोठी लाल पेटी उघडी ठेवलेली असायची. आत शंभराच्या वर नग, प्रत्येकाला आपापला खळगा, सगळे आरशासारखे चकचकीत. मास्तरांनी तिच्यातला एक पाना उचलला आणि कापडाचा पोत बघावा तसा अंगठ्याने चोळून पाहिला.

"हे काय माल आहे हो!"

"मास्तर, त्यातलं निम्मं तुम्हाला जन्मात लागणार नाही," दुकानदार म्हणाला. "काही तर मलाही माहीत नाही कशाला असतात. नाकापेक्षा मोती जड व्हायचा. हे साधं घ्या. लागेल तसं वाढवत जा."

"साधं घ्यायला मी काय साधा आहे?" मास्तर हसले. "माझ्याकडे कात्र्या किती प्रकारच्या आहेत ते येऊन बघा एकदा. ही पेटी द्या. आणि हे तीन पायांचं काय आहे? तिपाई?"

"स्टँड. गाडी उचलली की खाली लावायचे."

"मग जॅक कशाला?"

"जॅक उचलायला, स्टँड धरून ठेवायला."

"वा! म्हणजे एकाने पोराला उचलायचं आणि दुसऱ्याने कडेवर घ्यायचं! अहो, जो उचलतो तोच धरतो. आमच्याकडे अशी दोन-दोन माणसं नाहीत."

दुकानदार हसला, पण त्याने हात स्टँडवरून काढला नाही. "मास्तर, पेटी सोडा, पण हे घ्या. चाक बदलण्यापुरतं ठीक आहे. खाली शिरायचं असेल तर यांच्याशिवाय शिरू नका." मग मुलाकडे वळला. "तू सांग की रे वडिलांना. तू तर गाडी चालवतोस."

मुलगा माझ्याकडे बघत होता. माझ्या पोटावरचा कागद वाचत होता, एकेक अक्षर ओठ हलवून. त्याने तो पुरा वाचला, हे मी शपथेवर सांगतो. त्याच्या कपाळावर आठी आली. त्याने तोंड उघडलं, बापाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बाबा म्हणतील तसं."

तेवढंच. स्टँड परत खालच्या फळीवर गेले. पेटी गाडीच्या मागच्या सीटवर बसली आणि मी तिच्या पायाशी, आडवा. आडवं ठेवलं की माझ्या तेलात हवा शिरते. पण ते कोणाला सांगणार?

घरी पोहोचल्यावर मास्तरांनी मला दुकानातल्या कापणीच्या टेबलावर ठेवलं. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर, त्याच्या मागे फरशीचं छोटं अंगण आणि त्यात गाडी. मास्तरांनी चष्मा लावून मला फिरवून-फिरवून पाहिलं आणि त्यांची बोटं कागदावर थांबली.

"हा कागद काय असा लटकलाय?"

"काहीतरी सूचना आहे," मुलगा हळूच म्हणाला.

"सूचना दुकानदारासाठी असते. वस्तू घरी आली की कच्चे टाके उसवायचे. कच्चा टाका ठेवून कोणी कोट घालतं का?" आणि त्यांनी इस्त्रीची वाफ दिली, कडेला नख घातलं, आणि एकही तुकडा मागे न ठेवता कागद सोलून काढला. डिंकाचा डाग रॉकेलने पुसला. तीस वर्षं ते असेच तयार कपड्यावरून खडूची रेघ, टाचण्या, कच्चा दोरा काढत आले होते. त्यांच्या हातून गेलेल्या कपड्यावर शिंप्याची एक खूण दिसायची नाही. त्याच हाताने त्यांनी माझी जीभ काढून घेतली. माझ्या अंगाला कापरं भरलं. लोखंडाला कापरं भरत नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांना काय माहीत?

पहिले काही दिवस बरे गेले. मला कोणी विचारलंच नाही. मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला लाल पेटी उघडून दाखवायचे. पँटचं माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही. मुलाची आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, आधी पँटचं माप घ्या! त्या पेटीची आरती नंतर करा!" मास्तर म्हणायचे, "तुला काय कळतंय? हे बघून माणसाचा विश्वास बसतो." ती म्हणायची, "माझा तर तुम्हाला बघूनसुद्धा बसत नाही."

मग एकदा चाक पंक्चर झालं. मुलाने मला चाकाजवळ लावलं, मागच्या चाकाला दगड अडकवला आणि कांडी हलवली. मी गाडी उचलली. त्याने झटपट चाक बदललं. हात आत गेला की तो श्वास धरायचा आणि हात बाहेर आला की सोडायचा. मीही तसाच. काम झाल्यावर तो माझ्यासमोर उकिडवा बसला. माझ्या दांड्याचा चकचकीत भाग पाहिला. वर करताना तो चार बोटं दिसत होता, आता साडेतीन. त्याने बोटं लावून पाहिली, पुन्हा लावली. शिंप्याच्या घरातला डोळा तो, सुतभर फरक लपत नाही.

मला इतका आनंद झाला! म्हटलं, याला कळलं!

जेवताना तो म्हणाला, "बाबा, तो जॅक..."

"काय झालं जॅकला?"

"थोडा... बसतो वाटतं."

"दिवसभर तूही बसतोस. त्याला बसू दे थोडं." मास्तर हसले, आईही हसली, आणि विषय आमटीत बुडाला. मुलानेही मान खाली घालून घास घेतला. मग तो विषय त्याने काढला नाही. मी त्याला दोष देत नाही. मलाही तोंड असतं तर मी तरी दुसऱ्यांदा कुठे बोललो असतो?

त्यानंतर माझा वापर वाढला. मास्तरांनी मला कपाटाखाली लावलं आणि आईने खाली झाडू फिरवला. शेजारच्या शिक्षिकेने नेलं, तिच्या पाळलेल्या मांजरीची पिल्लं पलंगाखालून काढायला. पिल्लं निघाली. मी त्या पलंगाखाली कसा तग धरला ते माझं मला माहीत. प्रत्येक वापरात ती चीर थोडी वाढत होती. तेलाचा एक थेंब आता बाहेर यायला लागला होता. मी आडवा पडलेलो असायचो, त्या थेंबाकडे बघायचो, आणि माझी पाचावर धारण बसायची.

मग तेल बदलायचा दिवस आला. दुकानाच्या सुट्टीचा दिवस, दुपारची वेळ.

मास्तरांनी जुना पायजमा घातला. कापडाचं नवीन थान ज्यात येतं त्या पुठ्ठ्याचा मोठा तुकडा अंगणात अंथरला. मुलाने गाडीच्या पुढच्या बाजूला मला लावलं, तिच्या पोटाच्या लोखंडी पट्टीखाली, आणि वर केलं. चाक जमिनीवरून उचललं गेलं. अंगणाची फरशी मोरीकडे किंचित उतरती आहे. पाणी वाहून जावं म्हणून तशी केलेली. पाण्यासाठी चांगली, माझ्यासाठी नाही.

"बाबा, मी जातो खाली," मुलगा म्हणाला.

"तू? तुला हत्यार कुठलं ते कळणार आहे का? तू ट्रे सरकव."

"मग दुकानातून ते स्टँड..."

"अरे बटणा, चाक आहे ना गाडीला? बसली तरी चाकावर बसेल. माझ्या छातीवर थोडीच बसणार आहे?" आणि मास्तर पुठ्ठ्यावर उताणे झाले, टाचा टेकवत-टेकवत खाली सरकले. डोकं, खांदे, छाती आत. पोटापासून पाय बाहेर. पायात घरातल्या चपला.

मी गाडी धरली. माझ्या अंगात होती नव्हती ती ताकद लावून धरली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मास्तरांच्या दुकानात एक नियम होता. मास्तर माप घेत असताना कोणी बोलायचं नाही. आकडा डोक्यातून निसटतो. तोंडात टाचण्या असतील तर अजिबातच नाही. मास्तर उत्तर द्यायला गेले तर टाचणी घशात जायची. गिऱ्हाईक असो, बायको असो, सगळे गप्प. मुलगा लहानपणापासून त्या शांततेत वाढला होता. बापाच्या तोंडात काही धरलेलं दिसलं की त्याचा आवाज आपोआप आत जायचा.

आणि गाडीखाली गेल्यावर मास्तरांनी सवयीने काय केलं? तेलाच्या बोल्टला लावायची तांब्याची नवी चकती दातात धरली.

लाल पेटीतून त्यांनी एक चकचकीत पाना मागून घेतला. तो जरा सैल बसला, पण शंभर नगांच्या पेटीतला पाना चुकीचा कसा असेल? बोल्ट घट्ट होता. मास्तरांनी जोर लावला. पाना सटकला. गाडी हलली. माझ्या आत ती चीर फर्रकन पुढे गेली, जुन्या मांजरपाटाच्या कापडासारखी.

मी बसायला लागलो. आता सावलीसारखा नाही. घामाचा ओघळ गालावरून उतरतो, तसा.

मुलगा ट्रे धरून उकिडवा बसला होता. त्याची नजर माझ्या दांड्यावर होती. चार बोटं. साडेतीन.

"बाबा," तो म्हणाला.

"ऊं," मास्तर दातातल्या दातात म्हणाले.

"बाबा, गाडी..."

"ऊं-हूं!" म्हणजे गप्प. दुकानात याच आवाजावर सगळे गप्प होतात.

तीन बोटं. मुलाचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. त्याचा चेहरा पांढरा पडला, कोऱ्या कापडासारखा. मी त्याच्याकडे बघत होतो. आमच्या दोघांच्या तोंडात एकच मिठाची गुळणी. मला वाटलं, अरे, तुला तरी जीभ आहे! ओरड! मास्तरांनी पुन्हा जोर लावला, गाडी पुन्हा हलली, आणि माझ्या कडेने तेलाची बारीक धार फरशीवर आली, मोरीकडे निघाली.

अडीच.

मुलगा ओरडला नाही. त्याने ट्रे फेकला, बापाच्या दोन्ही घोट्यांना धरलं आणि ओढलं. पुठ्ठा गुळगुळीत होता. मास्तर गाडीखालून असे बाहेर आले, जशी उशीच्या अभ्र्यातून उशी निघते. बनियन छातीपर्यंत वर, केसांत धूळ, दातात चकती.

ती थुंकून ते उठून बसले. "वेड लागलं का तुला? बापाला पाय धरून ओढतोस? मेलेल्या जनावरासारखा? बोल्ट आत्ता फिरत होता!"

आई दारात आली. "काय झालं? कोण ओरडलं?"

"तुझ्या लेकाला विचार! तोंड उघडत नाही आणि हात चालवतो!" मास्तर गाडीकडे वळले. गाडी उभीच होती. चाक अजून जमिनीला टेकलं नव्हतं. "कुठे पडली? दाखव ना, कुठे पडली?" आणि ते पुन्हा पुठ्ठ्यावर बसले, पाना काढून घ्यायला म्हणून कोपरावर झुकले. पाना बोल्टला अडकून लोंबत होता.

मुलगा पुठ्ठ्यावर, बाप आणि गाडी यांच्या मध्ये येऊन बसला.

"सरक."

"नाही."

"काय म्हणालास?"

"नाही जायचं, बाबा."

"मी तुझा बाप आहे की तू माझा?"

"नाही जायचं म्हटलं ना!" तो ओरडला. कसा ओरडला! शेजारची शिक्षिका खिडकीत आली. आईच्या हातातलं झाकण खाली पडलं. मास्तरांचा हात हवेतच राहिला, कारण पोराचा हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

आणि तेव्हा माझं कडं फाटलं. मी धरलं होतं हो, जितकं धरता आलं तितकं धरलं. पण फाटलं. दांडा एका झटक्यात खाली गेला. गाडी धाडकन चाकावर आली, आणखी खाली दबली, वर उसळली, परत दबली. बोल्टला लोंबणारा पाना फरशीवर असा आदळला की फरशीला चीर गेली आणि पाना वाकला. मोरीतून एक कावळा उडाला.

आई खाली बसली. मुलगा अजून ओरडल्यासारखा श्वास घेत होता. मास्तर चिरलेल्या फरशीकडे बघत राहिले. मग आई म्हणाली, "चहा टाकते," आणि उठलीच नाही.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर मास्तर एकटे अंगणात आले. मी तिथेच लवंडलेला होतो, अंगाखाली तेल. त्यांनी गळ्यातली टेप काढली, गाडीपाशी गुडघ्यांवर बसले आणि जिथे त्यांची छाती होती तिथे गाडीचं पोट आणि फरशी यांमधलं अंतर मोजलं. चाकावर उभ्या गाडीचं अंतर. मग उभे राहून त्यांनी टेप पाठीला लावली आणि छातीपर्यंत आणली, आडवं माणूस किती जाड असतं ते बघायला. आयुष्यभर त्यांनी छात्या मोजल्या होत्या, पण गोल. असं माप त्यांनी कधी घेतलं नव्हतं. दोन्ही आकडे त्यांनी पाहिले. गाडीखालचा आकडा लहान होता. मग टेप गुंडाळून खिशात ठेवली.

मुलगा मागच्या दारात उभा होता. मास्तरांनी वळून पाहिलं नाही. "उद्या भंगारवाला येईल," एवढंच म्हणाले. "त्याला देऊन टाक हे." थोडं थांबले. "आणि तू... जेव नीट. दुपारपासून काही खाल्लं नाहीस."

मी आता भंगाराच्या ढिगात आहे. माझ्याखाली एक पंखा आहे, वर सायकलची फ्रेम. इथून मी तुम्हाला हात जोडतो. मला हात नाहीत, पण समजून घ्या. हत्यारं घ्यायला जाल तेव्हा चमक बघू नका. दोन पाने कमी घ्या, पेटी साधी घ्या, पण गाडीखाली शिरणाऱ्या माणसासाठी काय लागतं ते आधी घ्या. माझ्यासारख्यावर चाक बदलण्यापुरता विश्वास ठेवा, त्याहून जास्त नको. आणि घरातलं कोणी गप्प माणूस आठी घालून बघत असेल, तर जरा थांबून त्याला विचारा. आम्हा भित्र्यांना बऱ्याच गोष्टी आधी दिसतात.

इथे कसा आलो, ते सांगायचं राहिलंच. त्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी भंगारवाला हातगाडी घेऊन आला. मुलाने मला अंगणातून उचलून आणलं. भंगारवाल्याने मला हातात घेतलं, दांडा बोटाने वर ओढून पाहिला आणि त्याचे डोळे लकाकले.

"अरे, हा तर नवा आहे! नुसतं रबर गेलंय. नवं टाकलं की पळेल. मी गॅरेजवाल्याला देतो, तो वापरेल अजून दहा वर्षं."

एरवी मुलाने मान हलवली असती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझा तळाचा स्क्रू फिरवला, उरलंसुरलं तेल मोरीत सांडू दिलं, आणि मला पायरीवर ठेवून आतून हातोडा आणला.

"काय करतोस? ए! माल खराब होईल!"

"होऊ दे," मुलगा म्हणाला, आणि पहिला घाव घातला. आत दुकानात चाललेला मास्तरांच्या शिलाई मशीनचा आवाज थांबला. मुलाने वर पाहिलं नाही. दांडा वाकेपर्यंत, पुन्हा कधी वर येणार नाही इतका वाकेपर्यंत, तो मारत राहिला. शेवटी हातोडा ठेवला, स्वतः मला उचलून हातगाडीत टाकलं, हात पायजम्याला पुसले, आणि पायरीवरचा लोखंडाचा कीस झाडून काढला, कोणाच्या पायात जाऊ नये म्हणून.